निफ्टीची व्होलॅटिलिटी (चढउतारांचं प्रमाण) आणि आयसिंग मॉडेल: एमएस्सी प्रोजेक्टला जमेल का?

कर्वेरोडकर:
पुण्यातच एमएस्सी फिजिक्स करतोय, शेवटचं वर्ष. निफ्टीचे रोजचे परतावे घेतले आणि गाडी कर्टोसिसवर (टोकाच्या हालचालींचं वजन सांगणारा आकडा) अडकली. 23 मार्च 2020 हा एकच दिवस (निफ्टी सुमारे 13 टक्के खाली) काढला की आकडा धाडकन उतरतो. गाइड म्हणतात, आउटलायर (बाकीच्यांपासून फार दूर पडलेला आकडा) आहे, उडवून टाक. पटत नाही. शिवाय प्रत्येक गुंतवणूकदार एक स्पिन (इवलं चुंबक), वर म्हणजे खरेदी, खाली म्हणजे विक्री, असं आयसिंग मॉडेल (चुंबकांचं मॉडेल, शेजाऱ्यांकडे बघून प्रत्येक स्पिन वळतो) लावायचा विचार आहे. कुणी केलंय का?

बाणेरचा_रिस्कवाला:
उडवू नकोस. गॉसियनच्या (घंटेच्या आकाराच्या नेहमीच्या वितरणाच्या) हिशेबाने असा दिवस विश्वाच्या वयातही यायला नको, आणि आपण तर तो पाहिलाय. (आमच्याकडचे रिपोर्ट अजून गॉसियनवरच चालतात, त्यावर न बोललेलं बरं.)

मोठ्या परताव्यांची शक्यता साधारण 3 या घातांकाने घटते, म्हणजे हालचाल दुप्पट मोठी तर शक्यता आठपट कमी. बोस्टनच्या भौतिकशास्त्रज्ञ स्टॅनलींच्या गटाने हे अमेरिकन शेअर्सवर दाखवलं, चेन्नईच्या सिन्हा आणि पान यांना एनएसईतही तेच दिसलं. घातांक 2 च्या वर, म्हणून व्हेरिअन्स (परताव्यांचा पसारा) मर्यादित. पण 4 च्या खाली, म्हणून चौथा मोमेंट (चौथ्या घाताची सरासरी, कर्टोसिस त्यावरूनच निघतो) अनंत. तुझा कर्टोसिस स्थिरावणारच नाही, डेटातला सगळ्यात मोठा दिवस त्याला नाचवणार. त्यापेक्षा हिल एस्टिमेटरने (फक्त सगळ्यात मोठे आकडे घेऊन घातांक काढायची पद्धत) घातांक काढ.

आयसिंगच्या आधी एक कर: परताव्यांचा क्रम पत्त्यांसारखा पिस. जाड शेपूट (टोकाच्या दिवसांचं मोठं प्रमाण) तशीच राहील, पण निरपेक्ष (अधिक-उणे चिन्ह सोडून) परताव्यांचं ऑटोकोरिलेशन (आजच्या आकड्याचं मागच्या दिवसांशी नातं) जाईल. म्हणजे शेपूट आणि वादळी दिवसांचे घोळके या दोन वेगळ्या गोष्टी, आणि मॉडेलने दोन्ही द्यायला हव्यात. साधं आयसिंग क्रांतिक तापमानाला (जिथे स्पिन एका दिशेला वळायच्या बेतात असतात) नेऊन ठेवलंस तर मोठे चढउतार मिळतील, पण बाजारात ते तापमान कोण लावून ठेवतो? मला लक्स आणि मार्केझींचं 1999 चं मॉडेल जास्त आवडतं: काही लोक कंपनीचं मूल्य बघतात, काही चार्ट, आणि माणसं इकडून तिकडे जात राहतात. चार्टवाले फार वाढले की वादळ. तुलनेला गार्च (आधीच्या हालचालींवरून आजची व्होलॅटिलिटी काढणारं नेहमीचं मॉडेल) ठेव; त्यातलं ऑटोकोरिलेशन घातांकी वेगाने मरतं, बाजारातलं फार रेंगाळतं.

शनिपार:
ते सगळं ठीक, पैसे मिळतात का यातून?

बाणेरचा_रिस्कवाला:
काका, उद्या वर की खाली ते नाही कळत. हालचाल किती मोठी असेल, एवढाच थोडाफार अंदाज येतो. ऑप्शन विकत असाल तर तोही कामाचा.

कर्वेरोडकर:
पिसून पाहिलं, अगदी तसंच झालं! हिलमध्ये शेपटीचे किती आकडे धरू?

बाणेरचा_रिस्कवाला:
संख्या बदलत घातांकाचा आलेख काढ, सपाट भाग दिसेल तिथलं धर. रोजच्या आकड्यांत शेपटीला दिवस कमी पडतात. मिनिटांचा डेटा मिळाला तर उत्तम, फक्त सकाळी सव्वानऊला आणि बंद होताना हालचाल मुळातच जास्त असते, तो रोजचा साचा आधी भागून काढ.