जून-जुलैत नॉरफोकला जातेय, पाणथळ जागांवर पक्षी बघायला कुठे जाऊ?

कर्मळीची_वाट

नमस्कार मंडळी. मुलगी इंग्लंडमध्ये नॉरफोकमधल्या नॉरिचला नोकरीला आहे, मे अखेरीस तिच्याकडे जातेय, जुलैच्या मध्यापर्यंत राहणार. ती आणि जावई दोघंही दिवसभर कामावर, म्हणजे मला वेळच वेळ, आणि दुकानं फिरायची मला अजिबात हौस नाही, मला पक्षी बघायचेत. रिटायर झाल्यापासून गोव्यात कर्मळीचं तळं, चोडण, कुडचड्याचं नंदा तळं, शिरोड्याकडची खाजनं (खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेली शेतं) अशी फिरत असते, पण ते सगळं नोव्हेंबर ते फेब्रुवारी, कारण आपल्याकडे पाहुणे येतात तेच मुळी थंडीत. तलवार बदकं, गॉडविट, हॅरियर सगळे तेव्हाच.

आता नेटवर नॉरफोक शोधलं तर फोटो सगळे हिवाळ्यातल्या गीजच्या थव्यांचे. मग उन्हाळ्यात तिथे आपल्या मे महिन्यासारखं सुनंसुनं असतं का? रविवारी जावई गाडीने नेईल, बाकी दिवस ट्रेन-बस. गुडघा कुरकुरतो, सपाट वाट असेल तर चालते.

आणि एक खूप दिवस मनात असलेलं विचारते, आपल्याकडे थंडीत येणारे पक्षी उन्हाळ्यात जातात ते हेच गाव का? म्हणजे कर्मळीला बघितलेला मार्श हॅरियर (दलदलीवरचा शिकारी पक्षी) मला तिथे घरट्यावर भेटेल का?

---

नॉरिचचा_गोंयकार

काकी, मी इथेच राहतो, फोंड्याचा आहे. सुनंसुनं बिलकुल नसतं, फक्त आपली सवय बदलावी लागते. कर्मळीला आपण कसं करतो, बांधावर उभं राहायचं, समोर उघडं पाणी, शेकडो बदकं, दुर्बीण फिरवली की झालं. इथे जूनमध्ये सगळे घरट्यावर किंवा पिल्लांच्या मागे, आणि घरटी उंच बोरूच्या रानात आत, त्यामुळे पहिल्या दिवशी जाऊन तासभर नुसता हिरवा बोरू हलताना बघून माणूस वैतागतो. आधी कान लावायचे आणि एका जागी बसायचं. जो पाच हाइड (लपून पक्षी बघायच्या खोल्या) पळत पळत करतो त्याला काही मिळत नाही, जो एकाच हाइडमध्ये थर्मास घेऊन दोन तास बसतो त्याला सगळं मिळतं, हे मी अगदी मनापासून सांगतो.

सुरुवात स्ट्रम्पशॉ फेनपासून करा. नॉरिचहून ब्रंडलला ट्रेन, दहा-बारा मिनिटं, तिथून सपाट रस्त्याने अर्धा-पाऊण तास चालत. रूळ ओलांडला की लगेच पहिलं हाइड, गुडघ्याने साथ दिली नाही तर तिथेच बसा, समोर पाणी आहे, खंड्या येतो (इथला म्हणजे कॉमन किंगफिशर, चोडणच्या खारफुटीत फेरीबोटीतून उतरल्यावर दिसतो तो कॉलर्डवाला नाही). वारकरी (कूट, काळा पाणपक्षी) बघा, आपल्याकडे तो फक्त पोहताना बघितलेला असतो, इथे त्याची लाल-केशरी डोक्याची पिल्लं बघायला मिळतात. ग्रेट क्रेस्टेड ग्रीबची पिल्लं तर पट्टेपट्टेरी आणि आईबापाच्या पाठीवर बसून फिरतात.

मार्श हॅरियरसाठी जूनच पाहिजे. कर्मळीला तो नुसता तळ्यावरून फेऱ्या मारतो आणि बदकं उठवतो. इथे नर शिकार घेऊन येतो, हाक मारतो, मादी घरट्यावरून उठते, त्याच्या खाली येऊन हवेतल्या हवेत उलटी होते आणि त्याने सोडलेली शिकार पायात झेलते. दोन सेकंदांचा खेळ पण मी तो बघायला परत परत जातो. १९७१ साली सगळ्या ब्रिटनमध्ये या पक्ष्याची एकच जोडी अंडी घालत होती, तीही शेजारच्या सफोकमध्ये मिन्समेअरला, डीडीटीने पार वाट लावली होती, आणि आज स्ट्रम्पशॉला बसलं की न दिसणं कठीण.

बिटर्न म्हणजे आपल्या बगळ्यांच्या कुळातला, बोरूच्याच रंगाचा, समोर उभा असला तरी दिसत नाही. पण नराचा आवाज रिकाम्या कळशीच्या तोंडावर फुंकर घातल्यावर येतो तसा घुमारा, पाच-पाच किलोमीटर जातो. तुम्ही मे अखेरीस पोचताय तर पहिल्याच आठवड्यात पहाटे जा, जून सरता सरता तो गप्प होतो. १९९७ साली अख्ख्या ब्रिटनमध्ये असे घुमणारे नर ११ मोजले होते. नंतर बोरूची रानं नीट केली, पाणी राखलं, म्हणून आता ऐकू येतो. जूनमध्ये मादी पिल्लांना भरवायला सारखी ये-जा करते, तेव्हा उडताना दिसण्याची शक्यता जास्त.

कक्कूचीही घाई करा. तो इथून आफ्रिकेत जायला जूनमध्येच निघतो. २०११ मध्ये इथल्याच नॉरफोकच्या पाच कक्कूंना सॅटेलाइट टॅग लावले तेव्हा कळलं की ते पार काँगोच्या जंगलापर्यंत जातात. जुलैत आलात आणि कक्कू ऐकू आला नाही म्हणून रुसू नका, तो गेलेला असतो.

---

साखळीवाला

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो कारण मलाही हे बरीच वर्षं असंच वाटायचं. जात तीच, पण तो पक्षी तो नव्हे. आपल्याकडे येणारे येतात मध्य आशिया, सैबेरिया, मंगोलिया त्या बाजूने, त्या हवाई वाटेला सेंट्रल एशियन फ्लायवे म्हणतात. इंग्लंडचे पक्षी पूर्व अटलांटिकच्या वाटेवरचे, ते खाली जातात स्पेन, पोर्तुगाल, पश्चिम आफ्रिका. गॉडविटचंही तेच, तिथे किनाऱ्यावर दिसतात त्यातले बहुतेक आइसलंडचे. म्हणजे कर्मळीचा हॅरियर तिथे भेटणार नाही, पण तो उन्हाळ्यात दूर कुठेतरी काय करत असेल ते तिथल्याला बघून कळेल, आणि मला वाटतं हेच मोठं आहे, कारण आपण त्याचं अर्धंच आयुष्य बघितलेलं असतं. रफचंच घ्या, खाजनात तो नेहमी भुरकट, मादी की नर ते उंचीवरूनच ओळखायचं, आणि वीणीच्या दिवसात नराच्या गळ्याभोवती पिसांची केवढी झालर, पांढरी, काळी, तांबडी. तिथे किनाऱ्यावर टिचवेल मार्शला नशीब असेल तर असा रंगलेला रफ दिसतो.

बदकांच्या बाबतीत मात्र अपेक्षा कमी ठेवा. जूनपासून नर आपली चांगली पिसं गाळतात आणि मादीसारखे मळकट दिसायला लागतात, काही आठवडे उडताही येत नाही त्यांना. तलवार बदक तर तिथे वीणीला जवळजवळ नसतंच. कर्मळीत सगळ्यात आधी बदकं ओळखायला शिकलेल्या माणसाला तिथे बदकंच ओळखता येत नाहीत, तर त्यावर वेळ घालवू नका.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात किनाऱ्याकडे जा, तोवर ग्रीन सँडपायपर, स्पॉटेड रेडशँक उत्तरेकडून परतायला लागलेले असतात. आपल्याकडे मिरगाचा पाऊस जेमतेम लागलेला असतो आणि तिकडे यांचा परतीचा प्रवास सुरूही झालेला.

---

मानसीकडचा

मी पक्षीवाला नव्हे, खाजनात शेती करतो, कोरगूट भात लावतो. पण वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. ताई, तिथे गेल्यावर पक्ष्यांबरोबर बांध आणि पाणी पण बघा. नॉरफोकची ती ब्रॉड्स म्हणतात ती तळी कुणी देवाने केलेली नव्हेत, मध्ययुगात लोकांनी जळणासाठी पीट (दलदलीतली जळणारी माती) खणून खणून खड्डे केले, मग चौदाव्या शतकात समुद्र वर आला आणि ते भरले. कित्येक वर्षं लोक नैसर्गिकच समजत होते, १९५० च्या दशकात जॉइस लँबर्ट नावाच्या बाईंनी तळ्याच्या कडेने जमिनीत बोअर घेतले आणि दाखवलं की कडा सरळ खाली उतरतात, म्हणजे हातांनी खणलेल्या. आजूबाजूची कुरणं समुद्रसपाटीच्या आसपास, ओहोळ काढून, पूर्वी पवनचक्कीने, आता पंपाने पाणी उपसून राखलेली. आपल्या पूर्वजांनी खारफुटी हटवून बांध घातले, मानस (पाण्याचं दार) बसवली, भरतीला दार आपोआप बंद, ओहोटीला उघडं, त्याच जातीचं काम.

फरक कुठे तर राखण्यात. तिथल्या किनाऱ्यावरच्या क्ले मार्शेसची जमीन १९२६ मध्ये विकायला निघाली तेव्हा तिथल्या लोकांनी पैसे काढून ती पक्ष्यांसाठी कायमची विकत घेतली, इंग्लंडमधला पहिला काउंटी वाइल्डलाइफ ट्रस्ट त्यातूनच उभा राहिला. ५ डिसेंबर २०१३ च्या वादळी भरतीने तिथला खड्यांचा बांध फोडला, खारं पाणी सगळ्या गोड्या दलदलीत शिरलं, तरी ती जागा त्यांनी सोडली नाही. बोरू दर हिवाळ्यात आळीपाळीने कापतात, छपरं शाकारायला वापरतात, कापला नाही तर विलो आणि आल्डरची झाडं वाढून दलदलीचं रान होतं आणि बिटर्न जातो. माणसाने हात लावला म्हणून पक्षी टिकलाय तिथे.

आमच्याकडे बांधाला भगदाड पडलं की दोन वर्षं कुणी ढुंकून बघत नाही, खारं पाणी शेतात, मग म्हणायचं जमीन पडीक आहे, आणि पडीक म्हटलं की भराव टाकायला मोकळे. नंदा तळ्याला २०२२ मध्ये रामसर (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा ही मान्यता) मिळालं, आनंद झाला, पण गोव्यात तेवढंच एक. तिथे कोण बांध बघतं, कोण पैसे देतं, गावातले लोक त्यात कुठे बसतात ते विचारून या आणि इथे लिहा, मला खरंच पाहिजे आहे.

---

चोडणकार्न

थोडक्यात एक गोष्ट, सगळ्यांनी वाचावी. तिथे बिटर्न, मार्श हॅरियर, अ‍ॅव्होसेट, बिअर्डेड टिट, खंड्या हे सगळे १९८१ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या यादीत आहेत, घरट्यावर असताना त्यांना त्रास देणं हा गुन्हा. म्हणजे फोटोसाठी वाट सोडून आत शिरणं नाही, आणि मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बाहेर काढणं नाही. ताई तुम्ही करणार नाही माहीत आहे, पण आपल्याकडे थंडीत स्पीकर घेऊन फिरणारे ग्रुप झालेत आणि त्यांना हे चुकीचं वाटतच नाही. वीणीच्या दिवसात नराला वाटतं हद्दीत दुसरा नर घुसला, तो पिल्लांना भरवायचं सोडून भांडायला येतो. यार्माउथकडे वाळूत लिटल टर्नच्या वसाहतीला दोरीचं कुंपण असतं, लांबूनच बघा.

आवाज ओळखायला मर्लिन अ‍ॅप घ्या, ऐकायला लावा, वाजवायला नको. रीड वॉर्बलर एका लयीत, सावकाश, तेच तेच म्हणत राहतो, सेज वॉर्बलर घाईघाईत, मध्येच बदलतो आणि गाता गाता वर उडी घेतो. हे दोन जमले की अर्धा बोरू जमला. आपल्याकडे ब्लिथ्स रीड वॉर्बलर थंडीभर झुडपात नुसता चक चक करतो, त्याचे भाऊबंद गाताना ऐकायला मिळतील.

---

कर्मळीची_वाट

किती लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. हॅरियरचं उत्तर वाचून थोडं वाईट वाटलं आणि मग वाटलं की बरं झालं, आता तो उलटी होऊन झेलणारी मादी बघितल्याशिवाय परत येणार नाही. मानसीकडचे दादा, तुमचे प्रश्न वहीत लिहून घेतलेत, विचारून इथेच लिहीन.

क्लेला गाडीशिवाय जाता येतं का? आणि स्वॅलोटेल फुलपाखराबद्दल मुलगी काहीतरी म्हणत होती, ते कधी?

---

नॉरिचचा_गोंयकार

जाता येतं काकी. नॉरिचहून शेरिंगमला ट्रेन, त्या मार्गाचं नावच बिटर्न लाइन आहे, आणि शेरिंगमहून किनाऱ्याची बस क्लेला सोडते. बसच्या वेळा आदल्या रात्री बघून घ्या, परतीची चुकली तर पुढचीला बराच वेळ. समोरच व्हिजिटर सेंटर, काचेतून सगळी दलदल दिसते, चहा आहे, बाथरूम आहे. हाइडकडे जायला सदस्य नसलेल्यांना तिकीट. तिथे अ‍ॅव्होसेट बघा, वर वळलेली चोच, पिल्लं चिखलात पळत असतात आणि आईबाप कावळ्यालाही सोडत नाहीत. ब्रिटनमधून शंभर वर्षं वीण गेलेली होती यांची, १९४७ ला सफोकमध्ये परत आले. फक्त समुद्राकडच्या खड्यांवर चालू नका, पाय रुततात, गुडघ्याला वाईट.

स्वॅलोटेल मे अखेर ते जुलैची सुरुवात, ऊन असेल आणि वारा नसेल असा दिवस धरा. ब्रिटनमध्ये ती जात फक्त नॉरफोकच्या ब्रॉड्समध्ये, कारण तिच्या अळ्या मिल्क पार्सली नावाच्या एकाच वनस्पतीवर वाढतात. आपल्या ब्लू मॉरमॉनच्याच कुळातलं, पिवळंकाळं. स्ट्रम्पशॉला मिळतं, हिकलिंगलाही. हिकलिंग रविवारसाठी ठेवा, जावयाची गाडी लागेल, तिथे उन्हाळ्यात ट्रस्टची होडी फिरवते, आधी बुक करायची. क्रौंचांवर लक्ष ठेवा, चारशे वर्षं ब्रिटनमधून गायब होते, १९७९ मध्ये त्याच भागात स्वतःहून आले आणि राहिले.

सूर्य साडेचारलाच उगवतो जूनमध्ये, मावळतो सव्वानऊनंतर, पहाटेचं जमलं नाही तर संध्याकाळी सहानंतर जा, तेवढंच चांगलं. जून आहे म्हणून सुती साडीवर किंवा पातळ कुर्त्यावर निघू नका, किनाऱ्यावर वारा बोचतो, विंडचीटर आणि बंद बूट, गवतात गोचिड्या असतात म्हणून मोजे वर ओढून. दुर्बीण ८×४२ पुरे, हँडबॅगेत ठेवा, चेक-इनला देऊ नका. पोचलात की इथे मेसेज टाका, पहिल्या शनिवारी स्ट्रम्पशॉला मी येतो बरोबर.