ट्रॅक्टरचं हेड क्रॅक: भरून घेऊ की नवीन टाकू?

वाळव्याचा_उसवाला: तीन सिलिंडरचा ३९ एचपी ट्रॅक्टर. रोटर मारताना रेडिएटरचा होज फुटला, इंजिन तापून बंद पडलं. आता रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात आणि ऑईल दुधाळ झालंय. फिटर म्हणतो हेड (सिलिंडरवरचं झाकण) क्रॅक. वेल्डर म्हणतो भरून देतो. नवीन हेड परवडत नाही आणि उसाची वाहतूक तोंडावर आलीय. काय करावं?

शिवार७७: दादा, वेल्डिंगच्या नादी लागू नका. नवीनच टाका.

लेथवाला_काका: सरसकट तसं नाही. पहिलं म्हणजे इंजिन आता अजिबात चालू करू नका, पाणी मिसळलेलं ऑईल बेअरिंग खातं. हेड उतरवून टेस्टिंगला न्या. पाण्याच्या वाटा बंद करून आत हवा भरतात आणि हेड गरम पाण्यात बुडवतात, बुडबुडा निघेल तिथं चीर. पुष्कळदा हेड शाबूत असतं, त्याच्याखालचं गॅस्केट, म्हणजे पॅकिंगच उडालेलं असतं.

चीर बाहेरून, पाण्याच्या जॅकेटवर (आत पाणी खेळतं त्या पोकळीच्या भिंतीवर) असेल तर काम होतं. पण बिडाला (ओतीव लोखंडाला) साधा वेल्डिंग रॉड चालत नाही, शेजारी पुन्हा तडकतं. चिरेच्या दोन्ही टोकांना ड्रिल मारायचं, म्हणजे ती पुढं सरकत नाही. मग निकेल रॉडने इंच-इंचच भरायचं, दर वेळी हलकी हातोडी मारायची, शेवटी हेड कोरड्या चुन्यात पुरून सावकाश गार होऊ द्यायचं. वेल्डरला यातलं काय-काय करतो ते विचारा, उत्तरावरून माणूस कळेल. मेटल स्टिचिंग (चिरेत धातूच्या पिना बसवून ती शिवणं) करणारा जवळ असेल तर मी तिकडेच पाठवेन, त्यात बीड तापवावंच लागत नाही.

दोन व्हॉल्व्ह सीटच्या (व्हॉल्व्ह टेकतात त्या कड्यांच्या) मधे किंवा डिझेल फवारणाऱ्या नोझलकडे चीर असेल तर मात्र मी काम घेत नाही. तिथं सगळ्यात जास्त उष्णता, भरलेलं टिकत नाही.

वाळव्याचा_उसवाला: काका, टेस्टिंग केलं. मधल्या सिलिंडरला, दोन सीटच्या मधेच आहे. जुन्या बाजारात एक हेड मिळतंय, घेऊ का?

लेथवाला_काका: मग हे हेड सोडा. जुनं घ्या, पण टेस्टिंग करूनच पैसे द्या. ब्लॉकच्या फेसवर (हेड बसतं त्या पृष्ठभागावर) सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांनी, सपाटी बघा, गॅस्केट नवीन टाका. बोल्ट मधून सुरू करून बाहेर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच (किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या) आवळा. आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तकातलाच धरा. ऑईल आणि फिल्टर दोन्ही बदला. रेडिएटर उघडून साफ करून घ्या आणि बोअरचं पाणी बंद करा. तुमच्याकडच्या क्षाराने नळ्या चोंदतात, मग दुसरं हेडही तापणार. कूलंट घाला, आणि होज फुटला तेवढाच नको, सगळेच बदला.