गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाउससमोरचा घरचा फोटो : सल्ला हवाय

परसबाग : आईच्या मामांकडून एक जुना फोटो माझ्याकडे आलाय. पुण्यातलं गणेशखिंडीचं गव्हर्नमेंट हाउस, म्हणजे आत्ताची विद्यापीठाची मुख्य इमारत, तिच्या दगडी कमानींपुढे आमचं अख्खं कुटुंब उभं आहे. पणजोबांचे वडील तिथे कारकून होते, असं घरात सांगतात. पागोट्याचा पीळन् पीळ दिसतो. फक्त पुढे बसलेल्या परकरातल्या मुलीचा हात हललाय. मागची फळी उघडली तर पुठ्ठ्यावर मोडीत दोन ओळी! पण एक कोपरा काचेला चिकटलाय. एक दुकानदार म्हणतो, सोडवून, धुऊन, रंगवून देतो. माझा धीर होत नाही. काय करू? आणि साल कसं काढायचं?

भिंग : अजिबात देऊ नका. ओढलात तर चित्राचा थर काचेवर राहील आणि हाती नुसता कागद येईल. पाणी, वाफ, हेअर ड्रायर काही नको. फ्रेममधून काढा, काच तशीच राहू द्या, आणि काचेसकट फ्लॅटबेड स्कॅनरवर किमान 600 डीपीआयला टिफ (तपशील न गमावणारी) फाइल करून घ्या. पाठही स्कॅन करा. रंगवायची हौस त्या फाइलच्या कॉपीवर भागवा. एआयवर चेहरे मात्र सोडू नका, ते डोळे-नाक मनाने भरतं. तुम्हाला तुमची माणसं हवीत ना!

सालाचं म्हणाल तर इमारतीचं काम 1864 मध्ये सुरू झालं आणि 1871 मध्ये संपलं, म्हणजे फोटो त्यानंतरचा. आता भिंगातून कागद बघा. तपकिरी छटा, पातळ कागद आणि तंतू दिसत असतील तर अंड्याच्या पांढऱ्यावरचा अल्ब्युमेन प्रिंट. तंतू दिसत नसतील आणि काळ्या भागांच्या कडांना निळसर, धातूसारखी चमक असेल तर जिलेटिनच्या थरावरचा प्रिंट, म्हणजे बहुधा नंतरचा.

जुनं दफ्तर : मोडीसाठी भारत इतिहास संशोधक मंडळात विचारा, पण नेताना स्कॅनच न्या. नोकरीचा कागद शोधायचा तर मुंबईला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात. गव्हर्नर पावसाळ्यात गणेशखिंडीला मुक्काम करत, तेव्हा ते महिने आधी चाळा. 22 जून 1897 च्या रात्री याच बंगल्यावरच्या समारंभातून परतताना प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. तुमचे कारकून तेव्हा नोकरीत होते का, हे मामांना आजच विचारा. मला फार उत्सुकता आहे.

परसबाग : मामांशी बोलले, त्यांना रँडचं काही ठाऊक नाही. पण भिंगातून तंतू स्वच्छ दिसतात, छटाही तपकिरी! फोटो ठेवू कुठे?

भिंग : मग अल्ब्युमेनच. 1895 नंतर तो मागे पडत गेला, त्यामुळे सध्या 1871 ते 1900 धरून चला. पुण्याच्या पावसात बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, चिकट पानांच्या अल्बममध्येही नको. आम्लरहित कागदात गुंडाळून आडवा, कोरड्या कपाटात ठेवा. कसर लागत नाही ना, अधूनमधून बघा. मोडीच्या ओळी इथे टाका, वाचणारे आहेत.