लॉकडाऊनमध्ये गावच्या अडचणीतून धंदा: कोणती अडचण धरावी?

औसा_शिवार (मे २०२१)
नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातलं गाव, सोयाबीनचं शिवार. आठवडी बाजार बंद असल्यामुळे टोमॅटो, टरबूज शेतातच पडून आहे. मास्क शिवायला बचत गट तयार आहे. तिसरी अडचण बियाण्याची: गेल्या खरिपात उगवलंच नाही म्हणून दुबार पेरणी झाली, आता सगळे घरचं बी धरून बसलेत, पण ते उगवेल याची खात्री कुणालाच नाही. हाताशी साठ हजार आहेत. यातली कोणती गरज टिकणारी आणि कोणती कोरोना असेपर्यंतचीच, हे कसं ओळखायचं?

राशीचा_हिशेब
दादा, प्रत्येक अडचणीला दोन प्रश्न लावा. मार्च २०२० च्या आधी ती होती का? आणि तिच्यापायी आज कुणाचे किती पैसे जातात?

मास्क पहिल्या प्रश्नातच बाद. आता प्रत्येक किराणा दुकानात मास्क आहे. घरपोच भाजी आज चालेल, पण बाजार उघडला की गिऱ्हाईक परत बाजारातच जाईल. टोमॅटो वाळवायचा तर १०० किलोतून जेमतेम ५-६ किलो माल हाती येतो आणि त्याचं गिऱ्हाईक तालुक्यात नाही. आधी घेणारा ठरवा, मगच वाळवण. (अन्नपदार्थाची नोंदणी अवघड नाही. २०२१ च्या नियमाप्रमाणे वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर फी वर्षाला १०० रुपये.)

बियाण्याची अडचण मात्र दोन्ही प्रश्नांना पुरते. पेरणी फसली की बी, खत, ट्रॅक्टरभाडं तर जातंच, वर पेरणीची वेळही हातची जाते. ही अडचण कोरोनाने आणलेली नाही. टाळेबंदीत तालुक्याला चकरा मारणं अवघड झालं म्हणून ती जास्त बोचते, इतकंच.

बीज_परभणी
वरच्या मताशी सहमत. कारण नीट समजून घ्या, कारण सेवा त्यावरच उभी राहणार आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये काढणीच्या वेळी पाऊस लागला, गंजी भिजल्या आणि तेच बी २०२० च्या खरिपात पेरलं गेलं. ऑक्टोबर २०२० मध्ये लातूर-उस्मानाबाद पट्ट्यात पुन्हा अतिवृष्टी झाली. म्हणून यंदाही डोळे झाकून पेरायचं नाही. सोयाबीनचं साल पातळ असतं. मळणी यंत्राचे फेरे जास्त ठेवले, कट्टे उंचावरून आपटले किंवा एकावर एक सातपेक्षा जास्त रचले, तरी आतला अंकुर दुखावतो आणि दाणा वरून ठणठणीत दिसतो.

तुम्ही तीन कामं देऊ शकता.

पहिलं, उगवण चाचणी. प्रत्येक कट्ट्याच्या वरून, मधून, तळातून मूठ-मूठ बी घेऊन एकत्र करा. त्यातले न निवडता १०० दाणे मोजा. निवडून घेतले की आकडा खोटा येतो, आणि सर्वात जास्त चूक इथेच होते. ओल्या गोणपाटावर १०-१० च्या ओळी मांडा, वर दुसरं ओलं गोणपाट घाला, गुंडाळी करून सावलीत ठेवा. ओल टिकवा, पण पाणी साचू देऊ नका, नाहीतर बी कुजतं. सातव्या दिवशी मोजा. मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेलेच धरायचे, बुरशी लागलेले किंवा दाळी फुटलेले नाहीत. अशा तीन गुंडाळ्या करून सरासरी काढा. ७० किंवा जास्त आले तर एकरी ३० किलो. त्याखाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो वाढवा, म्हणजे ६४ आले तर ३३ किलो. ६० च्या खाली आलं तर ते बी म्हणून वापरू नका, आडतीला घाला.

दुसरं, प्रतवारी. ४ मिलिमीटर लांबट छिद्रांच्या चाळणीतून बारीक दाणा, माती खाली जाते. त्यानंतर स्पायरल सेपरेटर, म्हणजे मळसूत्री पन्हळीवरून दाणे घसरवत वेगळे करणारं मशीन. त्याला वीज लागत नाही. गोल दाणा वेगाने बाहेरच्या कडेने उतरतो, डाळ आणि काडीकचरा आतल्या बाजूने. बी एकदम ओतलं तर सगळं मिसळून पडतं, म्हणून धार बारीक ठेवा. प्रतवारी करणार असाल तर चाचणीचा नमुना त्यानंतरचाच घ्या.

तिसरं, बीजप्रक्रिया, म्हणजे पेरणीआधी बियाला औषध लावणं. हाताने फिरवायच्या ड्रममध्ये आधी कार्बोक्सिन अधिक थायरम हे बुरशीनाशक, किलोला ३ ग्रॅम, म्हणजे ३० किलोला ९० ग्रॅम. सावलीत सुकवून मग रायझोबियम हे जिवाणू खत, १० किलोला २५० ग्रॅम. क्रम उलटा करू नका. औषध लावलेलं बी खाण्यात, जनावरांपुढे किंवा बाजारात जाता कामा नये. त्यामुळे ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर, शेतकरी पेरायला निघाला की त्याच दिवशी प्रक्रिया करा. हातमोजे घालाच.

औसा_शिवार
आभारी आहे. गावात सोयाबीन साधारण चारशे एकर. मशीनचे पैसे निघतील का?

राशीचा_हिशेब
निम्म्यांनी घरचं बी वापरलं तर २०० एकर गुणिले ३० किलो, म्हणजे ६० क्विंटल. क्विंटलला दीडशे रुपये धरले तर नऊ हजार. एका गावावर मशीन परवडत नाही, हे आत्ताच मान्य करा. आठ-दहा गावांत फिरायचं असेल तरच घ्या. हंगाम १५ मे ते १० जून एवढाच. पण ऑक्टोबरात हरभऱ्याचं बी येतं आणि सोयाबीनची नवी रास होते, तेव्हाही मशीनला काम आहे. यंदा फक्त चाचणी करा, तिला गोणपाट आणि वहीपलीकडे खर्च नाही. लोकांचा विश्वास बसला की पुढच्या वर्षी मशीन घ्या. नमुने दारात गोळा करा, अंगणात गर्दी होऊ देऊ नका.

कायद्याचं_बोला
एक गोष्ट राहिली. तुम्ही सेवेची मजुरी घ्या, बी विकत घेऊन विकू नका. त्या व्यापाराला १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाखाली परवाना लागतो. शेतकरी स्वतःचं बी दुसऱ्या शेतकऱ्याला विकू शकतो, वाणांच्या संरक्षणाच्या २००१ च्या कायद्यात ती मुभा आहे, पण ब्रँडच्या नावाने नाही. तुमच्या पिशवीवर नाव छापू नका. चाचणीच्या चिठ्ठीवर शेतकऱ्याचं नाव, वाण, नमुन्याची तारीख आणि तीन गुंडाळ्यांचे तीन वेगळे आकडे लिहा. ‘उगवण हमखास’ असं कुठेही लिहू नका. चाचणीनंतर बी कुठे ठेवलं आणि किती खोल पेरलं, यावर तुमचा ताबा नसतो. खोली ३-४ सेंटिमीटरच ठेवायची, हेही चिठ्ठीवर लिहून द्या.