स्वमग्न मुलगा लवकरच अठरा वर्षांचा होईल : स्वतंत्र राहण्याची तयारी कुठून सुरू करावी?

प्रश्न : त्रिमूर्तीनगरची आई

नमस्कार. माझा मुलगा १७ वर्षांचा असून त्याला ऑटिझम (स्वमग्नता) आहे. यंदा तो मुक्त विद्यालयातून दहावी उत्तीर्ण झाला. हिशेबात पक्का आहे, नागपूर मेट्रोची सगळी स्थानके क्रमाने सांगतो, आणि बोलणे मोजके असले तरी त्याला काय हवे ते नीट कळते. मात्र आंघोळीच्या वेळी बाहेर उभे राहून ‘आता साबण लाव’, ‘आता पाणी घे’ असे सांगत राहावे लागते. गोकुळपेठ बाजारात सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) जुडीचा भाव कालच्यापेक्षा वेगळा निघाला, की तो पैसे हातात धरून तिथेच अडून बसतो. शाळेत सारा भर लिहिण्यावाचण्यावर होता आणि आता शाळाही संपली. ‘तुम्ही आहात तोवर काळजी कशाला?’ असे नातेवाईक म्हणतात. मला काळजी आहे ती नेमकी त्यानंतरचीच. सुरुवात कशापासून करावी, आणि अठरा पूर्ण झाल्यावर कोणती कागदपत्रे लागतात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : विशेष शिक्षिका, धरमपेठ

ताई, तुमच्या प्रश्नातच एक महत्त्वाची गोष्ट आली आहे. तुमच्या मुलाला आंघोळ येते. त्याला येत नाही ते तुमच्या आवाजाशिवाय एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जाणे. तोंडी सूचना ही सर्वांत सोपी मदत असली, तरी काढून घ्यायला ती सर्वांत अवघड असते, कारण कालांतराने ती त्या कामाचाच भाग होऊन बसते. म्हणून न्हाणीघरात पायऱ्यांचा चित्रतक्ता प्लास्टिकमध्ये घालून लावा आणि तो अडला, की न बोलता तक्त्याकडे बोट दाखवा. काही काळाने तेही थांबवून दाराबाहेर थांबा, आणि त्यानंतर दारापासूनही दूर व्हा.

स्वयंपाकात आपली ‘अंदाजाने’ शिकवण्याची पद्धत या मुलांच्या उपयोगाची नाही. ‘बोटाच्या पेरापर्यंत पाणी’ याऐवजी एक वाटी तांदूळ आणि दोन वाट्या पाणी असे सांगा, आणि त्यासाठी तीच वाटी कायम ठेवा, शक्य तर तिच्यावर खूण करून. शिट्टीचा आवाज सहन होत नसेल, तर विजेवर चालणारा भात शिजवायचा कुकर आणा. शिट्टीची सवय लावण्यात वर्ष घालवण्याचे काहीच कारण नाही. नवे काम शेवटच्या पायरीपासून शिकवावे. चहाच्या आधीच्या सर्व पायऱ्या तुम्ही करा आणि फक्त गाळून कपात ओतणे त्याच्याकडे द्या. ते जमले, की गॅस बंद करणेही त्याचे. असे मागे मागे सरकत गेल्याने प्रत्येक वेळी काम त्याच्याच हातून पूर्ण होते.

शिकलेले कौशल्य घरात जमले म्हणजे बाहेर जमेलच असे नाही, म्हणून बाजाराचा सराव बाजारातच हवा. भाव बदलतो हा नियमच त्याला लिहून द्या : ‘वीस रुपयांपर्यंत घ्यायचे, त्याहून महाग असेल तर नको म्हणून पुढच्या दुकानात जायचे.’ मेट्रोचेही तसेच आहे. स्थानके पाठ असणे आणि झाशी राणी चौकात उतरायचे राहून गाडी सीताबर्डीला पोहोचल्यावर काय करायचे हे कळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही सोबत असताना मुद्दाम एखादे स्थानक चुकवा आणि उलट दिशेच्या गाडीने परत येण्याचा सराव करून घ्या. पुढे तुम्ही दुसऱ्या डब्यात बसा, नंतर फक्त ठरल्या स्थानकावर भेटा.

आपल्या उन्हाळ्याविषयी वेगळे सांगायला हवे. अनेक स्वमग्न व्यक्तींना तहान, भूक किंवा लघवीची घाई शरीरातून वेळेवर जाणवत नाही. पारा ४५ अंशांवर असताना ‘तहान लागली की पाणी पी’ या सूचनेला अर्थ उरत नाही. मोबाइलवर पाण्याचा गजर लावावा. खासगी आणि सार्वजनिक यांतला फरक, कोणाला स्पर्श करायचा आणि कोणाला नाही, दार कधी लावायचे, हे संकोच न करता स्पष्ट शब्दांत सांगा. दहा वर्षांच्या मुलाचे जे वागणे लोक हसून सोडून देतात, त्याच वागण्यासाठी वीस वर्षांच्या तरुणाविरुद्ध पोलिसांत तक्रार जाऊ शकते.

उत्तर : मुलीचे बाबा, महाल

कागदपत्रांपुरते लिहितो. अठरा पूर्ण झाले, की आई-वडिलांचे नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास (दिव्यांगांसाठीची केंद्र सरकारची संस्था) कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे, आणि त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालक नेमण्यासाठी अर्ज करता येतो. मात्र अर्जाची घाई करू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मर्यादित पालकत्वाची तरतूद केली असून त्यात पालक आणि ती व्यक्ती यांनी मिळून निर्णय घेणे अपेक्षित आहे. मुलगा स्वतःचे खाते सांभाळू शकत असेल, तर त्याच्या सगळ्याच निर्णयांवर दुसऱ्याची सही कशासाठी? दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे केंद्रीय ओळखपत्र) मात्र आधी काढून घ्या. राष्ट्रीय न्यासाची निरामय ही १ लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजनाही आहे. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी असलेल्या ४ टक्के जागांपैकी १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता या सर्वांना मिळून आहे. तेव्हा केवळ त्या भरवशावर राहू नये.

उत्तर : स्वतः स्वमग्न, वय २६

वरील सल्ला मला पटला, पण मुलाला काय हवे आहे हे कोणीच विचारलेले नाही. मी घरून डेटा एन्ट्रीचे काम करतो, भाड्याच्या खोलीत एकटा राहतो, आणि माझी बहीण रोज रात्री फोन करून जेवलो का ते विचारते. माझ्या दृष्टीने हे स्वतंत्र राहणेच आहे. मला भाजी चिरायला आवडत नाही, म्हणून मी चिरलेली भाजी आणतो. ‘स्वच्छ राहा’ या वाक्यातून मला काहीही कळत नसे. ‘काखा आणि पाय साबणाने धू, मग टॉवेलने कोरडे कर’ असे लिहून दिल्यावर कळले. आणखी एक : ‘मला समजले नाही, पुन्हा सांगा’ हे वाक्य मोबाइलमध्ये लिहून ठेवायला त्याला शिकवा. गर्दीत माझे बोलणे बंद पडते, तेव्हा मी हेच दाखवतो.

त्रिमूर्तीनगरची आई

सर्वांचे आभार. आज संध्याकाळी त्याला तुमची उत्तरे वाचून दाखवली. काय शिकायचे आहे असे विचारल्यावर ‘मेट्रोने एकट्याने खापरीला जायचे’ असे तो म्हणाला. आंघोळीचा तक्ता चालूच राहील, पण सुरुवात आता मेट्रोपासून करते.

विशेष शिक्षिका, धरमपेठ

अवश्य. सीताबर्डीला ॲक्वा मार्गावरून ऑरेंज मार्गावर जाताना पायऱ्या, फलक आणि गर्दी यांत गोंधळ होतो, म्हणून पहिले काही दिवस फक्त त्या बदलाचाच सराव करा, आणि तोही दुपारच्या कमी गर्दीच्या वेळी.