जुनी जे/२४ (शिडाची छोटी शर्यतीची बोट) घेताना डेकच्या दुरुस्तीचा खर्च कसा धरावा?

प्रश्न: मास्टजवळ (डोलकाठीजवळ) डेक पायाखाली दबतं. विक्रेता म्हणतो, भोकं पाडून इपॉक्सी (सुकून कडक होणारी राळ) भरली की झालं. किंमत किती कमी करून मागू?

उत्तर १: डेकच्या दोन फायबरग्लास थरांमध्ये बाल्सा हे हलकं लाकूड असतं. ते ओलं असेल तर इपॉक्सी चिकटत नाही, पाणी आतच कोंडतं. आधी प्लॅस्टिकच्या हातोडीने दर दहा सेंटिमीटरवर ठोका. बद्द आवाज येईल तिथे खडूने हद्द आखा आणि क्षेत्रफळ मोजा. चेनप्लेट (मास्टच्या तारा अडकवायची पट्टी), स्टँशन (कठड्याचे खांब) आणि विंच (दोर ओढायची चरखी) यांचे बोल्ट नक्की तपासा. पाणी बहुतेक तिथूनच शिरतं. मग खालून, आतला थर न फोडता, कडेला एक बोल्ट काढून लाकूड खरवडा. काळा लगदा निघाला तर कोअर (मधलं लाकूड) कुजलाय.

उत्तर २: साहित्य स्वस्त पडतं, मजुरी महाग. वरचा फायबरग्लास कापायचा, कुजका बाल्सा काढायचा, पूर्ण वाळवायचं, त्याच जाडीचा नवा बसवायचा. कडा १:१२ उतारात (जाडीच्या बारापट लांब) घासून फायबरग्लास कापडाचे थर द्यायचे. शेवटी नॉन-स्किड (पाय न घसरणारा) रंग. जुन्याशी जुळवताना अख्खं डेकच रंगवावं लागतं, हा खर्च हमखास विसरला जातो. बोटी दुरुस्त करणाऱ्या यार्डाकडून लेखी अंदाज घ्या, तेवढी रक्कम वजा करा. मुंबईत हे काम पावसाळ्यात उघड्यावर नकोच.

उत्तर ३: बोल्टची भोकं मोठी करून दाट इपॉक्सीने भरा, मगच पुन्हा पाडा. नाहीतर नवा बाल्साही भिजेल. मास्टखालचा आधार कुजला असेल तर मी ही बोट सोडेन.