रोड टॅक्सचा परतावा नाही, तक्रार मात्र ‘निकाली’. पुढे काय करू?

नमस्कार मंडळी,

बदली झाल्यामुळे गाडी महाराष्ट्रातून कर्नाटकात आणली. एनओसी काढली, इथला टॅक्स भरला, केए नंबरही मिळाला. तिकडे एकरकमी भरलेल्या टॅक्सपैकी उरलेल्या वर्षांचे पैसे परत मिळावेत म्हणून जुन्या आरटीओत अर्ज दिला (कुठलं ते लिहीत नाही). नव्या आरसीची प्रत, एनओसी, दोन्हीकडच्या टॅक्सच्या पावत्या, कॅन्सल्ड चेक, सगळं जोडलंय. पोच आहे, आवक क्रमांकाचा शिक्काही आहे.

तेव्हापासून घोंगडं भिजत पडलंय. खिडकीवर म्हणतात फाइल अकाउंट्सला आहे, अकाउंट्सवाले म्हणतात साहेबांची सही व्हायचीय. शेवटी सरकारी तक्रार पोर्टलवर तक्रार टाकली. उत्तर आलं: "सदर तक्रार उचित कार्यवाहीस्तव संबंधित कार्यालयाकडे वर्ग करण्यात आली असून प्रकरण निकाली काढण्यात येत आहे." संबंधित कार्यालय म्हणजे ज्याची तक्रार केली तेच!

सरळ नकार दिला असता तर अपील तरी करता आलं असतं. इथे मंजुरी नाही आणि नकारही नाही. पुन्हा पोर्टलवर टाकू, माहिती अधिकार लावू की थेट लोकायुक्तांकडे जाऊ? एजंट नकोय, तो परताव्यात टक्केवारी मागतोय.

प्रतिसाद १ (जुना कारकून)

पोर्टलवर पुन्हा तेच लिहिलंत तर उत्तरही तेच येईल. आमच्याकडे तक्रार आली की पहिला विचार ‘आपल्या टेबलावरून कुठे ढकलता येईल’ हाच असायचा, खोटं कशाला बोलू. "पैसे मिळाले नाहीत" असं लिहिलं की ढकलायला सोपं जातं. त्याऐवजी आरटीओंच्या नावे साधं पत्र लिहा: अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर महाराष्ट्र मोटार वाहन कर अधिनियम, १९५८ खाली परतावा मंजूर करावा, नाहीतर कारणांसह लेखी आदेश द्यावा. प्रत परिवहन आयुक्तांना. रजिस्टर्ड एडीने पाठवा.

सोबत माहिती अधिकारही लावा. फी १० रुपये. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, म्हणून रामायण नको. आणि "परतावा का दिला नाही?" असं अजिबात विचारू नका. ‘का’ दिसला की "प्रश्नार्थक माहिती देय नाही" असा शेरा मारून मोकळे होतात. कागद मागा: या अर्जावरच्या टिपणीची साक्षांकित प्रत, फाइल कोणत्या तारखेला कोणाकडे गेली ती नोंद, आणि तक्रार निकाली काढताना काय अहवाल पाठवला त्याची प्रत. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर प्रथम अपील. बरेचदा टिपणीची प्रत मागितली की फाइलच हलते.

लोकायुक्तांचा रस्ता आहे, पण आधी हे कागद हातात येऊ द्या.

प्रतिसाद २

कंपनीची कार्यालयं चार किंवा जास्त राज्यांत असतील तर पुढची गाडी बीएच (भारत) सिरीजमध्ये घ्या, राज्य बदललं तरी नंबर तोच राहतो. २०२१ पासून आहे. टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरायचा, परताव्याची कटकटच नाही.

प्रतिसाद ३ (जुना कारकून)

पुढची गाडी राहू दे हो, आधी या गाडीचे पैसे येऊ देत.

धागाकर्ते, एक राहिलं. आरसीवरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव अक्षरशः जुळतंय का? एकीकडे वडिलांचं नाव पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, एवढ्यावरूनसुद्धा बिल परत येतं. मग ते कोणी कळवत नाही, फाइल तशीच पडून राहते.

धागाकर्ता

आत्ता चेक काढून पाहिला. आरसीवर वडिलांचं पूर्ण नाव आहे, चेकवर फक्त ‘व्ही’. पत्रासोबत बँकेचा दाखला जोडला तर चालेल, की एकाच व्यक्तीची दोन नावं असल्याचं प्रतिज्ञापत्रच लागेल? आणि ते इथे कर्नाटकात केलेलं तिकडे चालतं का?